पत्रकांच्या खोक्यातली बुटकी

कोंबडी खुडूक बसली की तिला उचलून गार पाण्यात का बुडवतात, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंय का? मी लहानपणी विचारलं होतं. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एकच उत्तर दिलं: ती अंडी द्यायची बंद होते म्हणून. तिला रोग झालेला नसतो, तिनं कुणाचं काही सांडलेलं नसतं, ती फक्त पिसं फुलवून एका जागी बसलेली असते, अंडी उबवायची म्हणून. कधी तर खाली अंडंही नसतं. पण ती बसली की घरातल्या माणसांना चैन पडत नाही.

माझं वय आठवणी लिहायचं नाही, हे मला माहीत आहे. तरी लिहितेय, कारण दुसरं काही लिहायची ताकद उरलेली नाही. इतकी वर्षं पत्रकं लिहिली, छापली, एसट्यांमध्ये आणि बाजारांमध्ये वाटली. नंतर लोक कागद घेईनासे झाले तशी फोनवरून पाठवली. आणि आता धाराशिवकडच्या वाशीला आईच्या घरी येऊन पडले आहे. मी आले त्या दिवशीच आईनं दारात उभं राहून गल्लीला सांगून टाकलं, "क्रांती आलीय. पर तिला कुणी उठवायचं न्हाय." कशासाठी आलीस, किती दिवस राहणार, यातलं तिनं काही विचारलं नाही. खाट टाकून दिली. त्या खाटेवर पडल्या पडल्या खाटेखालचा अंधार दिसतो आणि मला बुटकी आठवते.

आमचं घर बसस्टँडच्या मागं, दोन खोल्यांचं. पुढच्या अंगाला अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सायकल पंक्चरचं दुकान. घरात धान्यापेक्षा कागद जास्त होता. सातबाऱ्यावर बाईचं नाव लावा, मजुरी रोखीनं मागा, हुंड्याच्या लग्नाला जेवायला जाऊ नका, अशा पत्रकांचे गठ्ठे फळीवर, माळ्यावर, पिठाच्या डब्यामागं. त्या घरात शाईचा वास आणि सोल्युशनचा वास यांच्यामधून भाकरीचा वास वाट काढत यायचा. मी वाचायला शिकले ती पत्रकांवरच, त्यामुळं शाळेत 'माझी आई' हा निबंध मी "बंधू-भगिनींनो" असा सुरू केला होता. बाई हसल्या. अण्णांनी मात्र तो कागद दुकानात लावला. छापून आलेल्या पत्रकांच्या घड्या घालायचं काम आईकडं असायचं. संध्याकाळी भाकरी टाकून झाल्या की ती पाय पसरून बसायची आणि स्टीलच्या पेल्याच्या बुडानं घडी दाबायची. सर्र, सर्र असा तो आवाज. त्या आवाजात मी झोपायचे. तिच्या अंगठ्याची काळी शाई कणकेतसुद्धा उतरायची.

आणि बैठक. आमच्या घरात कुठलीही गोष्ट बैठकीशिवाय ठरत नसे. जेवणं झाली की अण्णा ताट बाजूला सरकवून म्हणायचे, "ठराव मांडतो." पंखा घ्यायचा का, चुलत्याच्या घरच्या लग्नाला जायचं का, मला सहलीला पाठवायचं का, सगळ्याला हात वर करून मत. मलाही मत होतं, पहिलीपासून. अण्णांना याचा फार अभिमान होता आणि मलाही. गल्लीत दुसऱ्या कुठल्या पोरीला घरात मत होतं? आईचा हात नेहमी वर असायचा. कधी त्या हातात पळी असायची, कधी तो राखेनं माखलेला असायचा. आता वाटतं, तिला ठराव पटलेला नसायचा, तिला भांडी घासायची घाई असायची.

बुटकी आली ती शेजारच्या चाचीकडून. चाचीच्या भाच्यानं हैदराबादेहून शौकाच्या कोंबड्या आणल्या होत्या, ओंजळीत मावतील एवढ्या, पायावर पिसांच्या विजारी घातलेल्या. त्यातली एक मादी आणि एक नर तिनं मला दिले. मादीचं नाव तिनं रानी ठेवलेलं. अण्णांना राजेशाही चालत नसल्यामुळं त्या रात्री ठराव होऊन रानी हे नाव रद्द झालं. दुसरं नाव काय ठेवायचं यावर एकमत झालं नाही, तोवर आई तिला बुटकी म्हणू लागली होती. नर मात्र अंगणभर छाती काढून फिरायचा आणि काम काहीच करायचा नाही, म्हणून त्याला आम्ही सरपंच म्हणायचो. बुटकीचं अंडं लिंबापेक्षा थोडं मोठं, साईच्या रंगाचं. एक दिवस घालायची, एक दिवस सुट्टी. अंडं घातलं की एवढ्याशा जिवाचा गलका असा, की बसस्टँडवरचे प्रवासी वळून बघायचे.

त्या उन्हाळ्यात आईचं पिशवीचं ऑपरेशन झालं. आमच्या भागात हे दोन शब्द बायका खालच्या आवाजात बोलतात आणि कुणाला अर्थ विचारावा लागत नाही. अण्णा तेव्हा धाराशिवला मोर्चात होते. आईला बरेच महिने अंगावरून जात होतं, ती कुणाला बोलली नव्हती. त्या दिवशी ती चाचीला घेऊन गेली आणि अण्णा परत आले तेव्हा दवाखान्यात झोपलेली सापडली. यातली अवघड गोष्ट अशी, की 'गर्भपिशवी काढायची घाई करू नका, दुसऱ्या डॉक्टरला विचारा' असं पत्रक अण्णांनी त्याच महिन्यात छापून आणलं होतं. घरी आणल्यावर तिला ज्या खाटेवर निजवलं, तिच्याखालीच त्या पत्रकांचं उघडं खोकं होतं.  अण्णा तिच्यासाठी हुलग्याचं पातळ माडगं करायला शिकले, भाकऱ्या करायला शिकले, त्या जाड आणि कच्च्या व्हायच्या. पण त्या विषयावर एक शब्द नाही. आमच्या घरात पहिल्यांदाच एका गोष्टीवर बैठक झाली नव्हती, आणि ती गोष्ट घरभर पसरून बसली होती.

आई उठेना. टाके सुकले, तरी उठेना. भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, अंडी द्या. दुकानातल्या अंड्याला वास येतो म्हणून ती तोंड फिरवायची. बुटकीचं तेवढं खायची, चहाच्या भांड्यात उकडलेलं, मिठाचा खडा लावून, दोन घासांत. त्यामुळं अण्णांचा आणि माझा सगळा जीव त्या अंड्यावर. आज घातलं का? शाळेतून आले की दप्तर न काढता मी आधी अंगणातलं पोतं बघायचे. आई बरी होणार की नाही याचा निकाल जणू त्या पोत्यात लागायचा होता.

आणि एक दिवस पोत्यात अंडं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बुटकीही नव्हती. सगळीकडं शोधलं. शेवटी खाटेखालून कुर्रर्र असा आवाज आला, मांजर गुरगुरावं तसा. खोक्यात, पत्रकांच्या गठ्ठ्यांवर, बुटकी चपटी होऊन पसरली होती. छातीची पिसं उपटून तिनं भोवती रचली होती. मी हात घातला तर चोच मारून रक्त काढलं. तिच्याखाली काहीच नव्हतं, फक्त छापील कागद, आणि तो तव्यासारखा गरम झालेला.

"खुडूक बैठी," चाची दारातूनच म्हणाली. "अब अंडे भूल जाव. पानी में गोता देव, दो दिन टोकरे के नीचे डाल देव, उतर जाती. मेरी अम्मा तो नाक में पर डालती थी."

"नाकात पीस घालणं ही क्रूरता आहे, चाची," मी म्हणाले.

"हौ गे मेरी लीडर! तेरे अब्बा को पूछ, पंक्चर वाला पानी है उनके पास, उसमें डुबाव. हवा कहाँ से निकलती, वो भी समझेगा."

अण्णांना हसू आलं नाही. ते शास्त्रीय उपायाच्या बाजूचे होते. कुठंतरी त्यांनी वाचलं होतं, की खुडूक कोंबडीच्या पोटाखालून वारा लागला की अंगातली ऊब उतरते. त्यांनी दुकानातली जुनी जाळीची सायकल-बास्केट घेतली, वर झाकण बांधलं, बुटकीला आत घातलं आणि ती बास्केट पत्र्याखालच्या वाशाला टांगली. बुटकी दिवसभर तिथं गोल गोल फिरत राहिली, पाय जाळीत अडकवत, आणि खालून सरपंच तिच्याकडं बघत उभा. संध्याकाळी सोडली, तर पाण्याकडं नाही, दाण्याकडं नाही, सरळ पळत खाटेखाली, खोक्यात. पुन्हा टांगली. पुन्हा खोक्यात. तिचा तुरा फिका पडला, अंग हलकं झालं, दिवसातून एकदाच घाईघाईनं बाहेर यायची, चार दाणे टिपायची, पाणी प्यायची, घाण करायची आणि परत. गिऱ्हाईकं विचारायची, "अण्णा, कोंबडीला सायकल शिकवताव का काय?"

आई हे सगळं खाटेवरून ऐकत होती. आम्हाला वाटलं झोपली आहे.

मग येरमाळ्याची यात्रा आली. येडेश्वरीला लांबलांबच्या बाया येतात, अण्णा दरवर्षी तिथं पत्रकं वाटायचे, आणि या वर्षी वाटायची ती पत्रकं खोक्यात, बुटकीच्या खाली. आदल्या दिवशी संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला, जेवणाआधीच अण्णांनी बैठक घेतली. आईच्या खाटेजवळच, म्हणजे ती धरून तिघांची.

"ठराव मांडतो," अण्णा म्हणाले. "खोकं मोकळं करायचं, आणि कोंबडीला उद्या सकाळी पाण्यात बुडवून डालग्याखाली ठेवायचं. अंडी सुरू झाली पाहिजेत. तुझ्या आईसाठी."

मी पाण्याच्या विरोधात बोलले. कैद्याला अशी वागणूक देता येत नाही, वगैरे. माझ्या आवाजात मला भाषणाचा सूर ऐकू येत होता आणि तो आवडतही होता. अण्णांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आईला अंडी कुठून द्यायची?"  माझा हात वर गेला. अण्णांचा वर होताच. मग खाटेकडं न बघताच ते म्हणाले, "मालन, तुझाबी धरतो."

"धरू नका."

इतक्या दिवसांत आईचा आवाज मी विसरले होते. ती कोपरावर उठली होती.

"काय?"

"माझा हात धरू नका म्हणलं. माझा न्हाय त्यात." ती थांबून थांबून बोलत होती, दम लागत होता. "अंडी घालत व्हती तवा कुणी बैठक घेतली न्हाय. आता बसली तर घेताव. काय मागती ती? वीतभर जागा आन् जरा अंधार. तेवढंबी द्यायला जमत न्हाय का तुमाला?"

"अगं, तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं."

"व्हय. माझ्यासाठी चाललंय आन् मलाच कुणी इचारलं न्हाय."

तेव्हा अण्णांचा बांध फुटला. ते ओरडले नाहीत. ते ओरडणारे नव्हतेच. फार हळू म्हणाले, "तू तरी कुठं विचारलंस, मालन? दवाखान्यात गेलीस तेव्हा?"

"इचारलं असतं तर बैठक घेतली असती तुमी."

 बुटकी खाटेखाली कुर्रर्र करत होती.

"पत्रकात काय लिहिलंय ते तुला माहीत होतं," अण्णा म्हणाले.

"माहीत व्हतं की. घड्या म्याच घातल्यात. एकेक अक्षर पाठ हाय मला." तिनं डोळे मिटले. "पर ते वाचून दुखायचं थांबत न्हाय, अवो. मला नीट सांगणारा डॉक्टर भेटला का आणखी कसा, मला म्हाईत न्हाय. चुकलं आसंल माझं. न्हाय आसंल. पर मी लई थकलीय. मला आन् हिला, दोघींनाबी, बसू द्या जरा."

ती परत आडवी झाली. भिंतीकडं तोंड करून नाही. आमच्याकडं तोंड करून, आणि एक हात खाटेखाली सोडून. बुटकीनं त्या हाताला चोच मारली नाही. अण्णांनी उठून वाशाला टांगलेली बास्केट उतरवली, तिचं झाकण सोडवलं आणि ती परत एका सायकलीला बसवली. कुणाची सायकल होती ते आठवत नाही. ठराव मागं घेतला असं ते म्हणाले नाहीत. आमच्या घरात न बोलता मागं घेतलेला तो पहिलाच ठराव.

अंधार पडताना आईनं चाचीला हाक मारली आणि चार अंडी मागितली, उबवायची. चाची पदरात अंडी घेऊन आली. "उस दिन गोता देव बोली मैं, आज अंडे मांगते! इस घर में मुरगी की चलती हमेशा," असं म्हणत तिनं चारी अंडी एकेक करून बुटकीखाली सारली. मोठ्या कोंबडीची अंडी ती. बुटकीला पंख ताणून ताणून ती झाकावी लागत होती, एक तर अर्धं बाहेरच. तिनं चोचीनं ते आत ओढलं. पत्रकांवर, 'घाई करू नका' या ठळक अक्षरांवर.

दुसऱ्या दिवशी अण्णा येरमाळ्याला मोकळ्या हातांनी गेले. वाटायला काही नव्हतं. संध्याकाळी आले तेव्हा त्यांचा आवाज बसलेला नव्हता. दरवर्षी बसायचा. एवढंच म्हणाले, "आज म्या काय बोललो न्हाय. बाया बोलल्या." काय बोलल्या ते त्यांनी मला सांगितलं नाही. खाटेजवळ स्टूल घेऊन ते आईपाशी बसले. त्यांनी आईला काय सांगितलं आणि आईनं त्यांना काय, ते त्या दोघांचं. मी दुकानात एका सायकलची ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे बघत होते.

नंतरचे दिवस मला घरातल्या शांततेमुळं आठवतात. सर्र सर्र नाही, बैठक नाही. आई पडलेली, खाली बुटकी बसलेली. बुटकी दिवसातून एकदा उठायची तेव्हा तिच्यासाठी कण्या आणि पाणी ठेवायचं काम माझं. बाकी तिच्याकडं बघायचंही नाही, असा आईचा हुकूम. अंडी मिळत नव्हतीच. आईला अंड्यांशिवायच बरं व्हायचं होतं. अण्णांच्या भाकऱ्या पातळ झाल्या. चाची रोज वाटीभर काहीतरी आणून ठेवायची, आणि आई त्यातलं थोडं खायची, थोडं तसंच. मला घाई झालेली असायची. आज उठशील का, असं मी विचारायचे. आई म्हणायची, "बघू." आता मला स्वतःला कुणी असं विचारलं की मीही "बघू" म्हणते, आणि त्या शब्दात किती थकवा मावतो ते कळतं.

एका दुपारी शाळेतून आले तर आई खाली जमिनीवर बसलेली. खाटेला टेकून, पाय पसरून, आणि एक अंडं कानाशी धरून. तिनं मला बोटानं जवळ बोलावलं आणि अंडं माझ्या कानाला लावलं. आत कुणीतरी बोलत होतं. अगदी बारीक, टाचणीनं काच खरवडावी तसं. मी काही म्हणणार तोच तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. तिच्या अंगठ्याची शाई पार गेली होती, हे मला तेव्हा दिसलं.

चारातलं एक अंडं नासलं. तीन पिल्लं निघाली. त्यातलं एक पुढं घारीनं नेलं, भर अंगणातून. सरपंच बघत उभा. राहिलेली दोन बुटकीपेक्षा उंच झाली तरी पावसाची सर आली की तिच्या पंखाखाली घुसायला बघायची आणि ती बिचारी अधांतरी उचलली जायची. आई हळूहळू उठली. पूर्वीसारखी झाली असं मात्र मी लिहिणार नाही, कारण ते खोटं होईल. कंबर कायमची धरली, चढ चढताना थांबू लागली. अण्णांनी पिशवीच्या पत्रकाचा मजकूर पुन्हा छापला, थोडा बदलून. घड्या आम्ही तिघांनी घातल्या, आणि आईनं मध्येच उठून "पुरं आता" म्हटलं की काम थांबायचं.

आता अण्णा नाहीत. दुकान बंद आहे. बुटकीनं पुढं स्वतःची अंडी उबवली, त्या वंशातली एक भुरी अजून अंगणात आहे, तेवढीच छोटी, तेवढीच हट्टी. आई रोज दुपारी जेवण झालं की दार लोटून घेते. कुणी हाक मारली तर आतून ओरडते, "खुडूक हाय मी!" आणि गल्लीतली पोरंसुद्धा परत जातात. काल मी तिला म्हणाले, आई, मला भीती वाटते की मी परत उठणारच नाही, बाहेर एवढं सगळं पडलंय, आणि मी इथं बसलेय. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "बुटकी उठली का न्हाय?" मी म्हटलं, तिच्याखाली अंडी होती. "आधी कुठं व्हती? आधी नुसता कागद व्हता," असं म्हणून तिनं शेंगदाण्यांची मूठ माझ्यापुढं केली.

मी पत्रकं वाचून वाढलेली बाई आहे. शेवटी वाचणाऱ्याकडं काहीतरी मागितल्याशिवाय मला कागद खाली ठेवता येत नाही. मोर्चाला या, सही करा, वर्गणी द्या, असलं काही आज मागत नाही. तुमच्याही घरात एखादी बाई बरेच दिवस गप्प असेल, आणि तिच्या भल्यासाठी काय करायचं ते तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवत आणलं असेल. ते ठरवणं आज थांबवा. तिच्याजवळ जा, खाली बसा, तिला काय हवंय ते विचारा. ती "बघू" म्हणाली, तर उठू नका. तिचा हात तिलाच वर करू द्या.